विरोधकांची छत्री

१८ फेब्रुवारी

पतसंस्थेने फुकट दिलेली ही डायरी दीड महिना कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण आजपासून माझ्या सार्वजनिक जीवनाला सुरुवात व्हायची होती. पुढेमागे कुणी चरित्र लिहायला बसलं तर त्याला आधार असावा.

सुरुवात झाली नाही. तहसील कचेरीत सोडत निघाली आणि आमच्या गावचं सरपंचपद महिला राखीव! मी कपाळावर हात मारून घेतला. पांढरे कपडे शिवून तयार, नेऱ्याच्या फाट्यापासून गावापर्यंत कुठल्या खांबावर कुठला फ्लेक्स लावायचा तेही ठरलेलं, आणि एका चिठ्ठीने सगळ्यावर पाणी फिरवलं. शेजारी माझा चुलतभाऊ अण्णासाहेब उभा होता, त्याचंही तोंड पडलं होतं. पण मग आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही घाईघाईने घराकडे सुटलो. बायको त्यालाही आहे, मलाही आहे.

रत्ना पडवीत तांदूळ निवडत होती. म्हणालो, "रत्ना, तू सरपंच व्हायचंस."

"मला कुनी इचारलं?"

"आता इचारतोय न्हवं?"

"इचारताय का सांगताय?"

होकार मिळाला असं मी धरतो.

२२ फेब्रुवारी

फ्लेक्ससाठी फोटो काढला. महाळुंग्याहून किशोर कॅमेरा घेऊन आला. पंचक्रोशीतले वाढदिवस, दशक्रिया आणि निवडी, सगळं तोच छापतो. रत्नाला जरीची साडी नेसायला लावली, नथ घालायला लावली.

रत्ना रंगाने काळी. लग्न झाल्यापासून मी तिला त्यावरून एका शब्दाने बोललेलो नाही. फोटोत तेवढं सांभाळून घेतो. लग्नाच्या अल्बमपासून परवाच्या दिवाळीच्या शुभेच्छांपर्यंत तिचा एकही फोटो मी होता तसा बाहेर जाऊ दिला नाही. नवऱ्याने एवढं तरी करावं.

या वेळी काम जरा जास्त निघालं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर काळपट-जांभळट डाग आलेत. उन्हातून आली की आणखी गडद होतात. किशोर म्हणाला, "आबा, तुमी निवांत बसा. काकीला चुटकीसरशी साफ करतो." आणि केलंच पोराने. लॅपटॉपवर गाल असे गुळगुळीत आणि दुधाळ झाले की मीच बघत राहिलो.

रत्नाने वाकून बघितलं. "ही कोन? माझी सवत का काय?"

किशोर हसला, मीही हसलो. तीही हसली असेल, नथीमुळे नीट दिसलं नाही.

३ मार्च

चरित्रकारासाठी नोंद: आमच्या मुळशीत भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पाला, काटक्या, शेणकुटं अंथरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. घरचं काम आपण सोडायचं नाही म्हणून रत्ना दिवसभर राबावर होती. आली ती चेहरा धरूनच. "तोंडाची नुसती आग आग हुतीया."

राबाची झळ लागली, दुसरं काय. गावात ज्याला त्याला विचारलं, सगळे हेच म्हणाले. सगळ्यांच्याच बायका राब भाजतात आणि काळवंडतात. त्यासाठी कुणी दवाखाना गाठत नाही.

शिवाय तिची नवी तक्रार: सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, भाकरी थापताना जीव जातो. म्हणालो, उद्यापासून भाकऱ्यांना बाई लावू, सरपंचबाईंनी भाकऱ्या थापायच्या नसतात. प्रश्न जागच्या जागी मिटवला. नेतृत्व म्हणतात ते हेच.

६ मार्च

आमच्या वरच्या मजल्यावर उत्कर्षा नावाची भाडेकरू आहे. नांदेडकडची, हिंजवडीत कंपनीत आहे. रंगाने रत्नाच्याच वळणाची. आमचा मुलगा अमोल बेंगळुरूला गेल्यापासून रत्नाचा तिच्यावर फार जीव. आज जिन्यात गाठून म्हणाली, "काका, काकूंच्या गालावरचं मला वांग वाटत नाही. नाकापासून ओठांकडे जी घडी जाते ना, तेवढीच बघा डागातून सुटलीये. माझ्या ताईला डिट्टो असंच होतं. ल्युपस निघाला."

हे काय असतं विचारलं. तर म्हणे, शरीरात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती आपल्याच माणसांवर उलटते. त्वचा, सांधे, किडनी, कशावरही.

म्हणालो, "त्याला आमच्यात भावकी म्हणतात."

तिला हसू आलं नाही. रक्त-लघवी तपासा म्हणून मागे लागली. मी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं. लालभडक गालांच्या गोऱ्या मडमा निघाल्या सगळ्या. तिच्यासमोर धरलं. "बघ. हे लाल हाय. आमची रत्ना कुटं लाल हाय?"

"काका, ताईसुद्धा लाल कधी दिसलीच नाही. आपल्या रंगावर ते लाल दिसतच नाही. म्हणून तर दोन वर्षं कुणाला कळलं नाही."

पोरगी गुणाची आहे. पण शिकलेल्यांना साध्या डागात आजार बघायची हौस दांडगी.

९ मार्च

रत्नाने आणि उत्कर्षाने मिळून डोकं खाल्लं, म्हणून डॉक्टरकडे नेऊन आणलं. आपल्याच भागातले आहेत, मतदारही आहेत.

"अंगावर लाल चट्टे येतात?"

"छे," मी म्हणालो.

"सांधे दुखतात?"

"कामाची बाई आहे, डॉक्टर. दुखायचेच."

"केस गळतात? तोंड येतं?"

"या वयात कुणाचे गळत नाहीत? आणि तिखट लई खाते."

झटपट काम झालं. वांग आहे म्हणाले. मलम दिलं आणि उन्हात जाऊ नका, गेलात तर छत्री घ्या असं सांगितलं. बाहेर आल्यावर रत्ना म्हणाली, "डाक्टर माज्याशी बोलत हुता का तुमच्याशी?"

म्हणालो, सवय करून घे. निवडून आल्यावर असंच चालायचं.

२६ मार्च

मलमाने कमाल केली. डाग निम्म्याने फिके. रत्ना आता माझी जुनी काळी छत्री घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मूठ अजून वळत नाही, पण मूठ काही फ्लेक्सवर दिसत नाही.

उत्कर्षाला मुद्दाम बोलावून गाल दाखवले. ती म्हणाली, "वरचं दबलं असेल, काका. लघवी तपासली का?" लघवीशी गालांचा काय संबंध, ते तिचं तिला माहीत.

७ एप्रिल

चिन्हं मिळाली. आम्हाला शिट्टी. अण्णासाहेबाच्या बायकोला, रजनीला, छत्री.

घरी आलो तो पहिलं काम केलं, रत्नाची छत्री खुंटीवरून काढून माळ्यावर टाकली.

"अवं, डाक्टरनी सांगितलंय!"

"डाक्टरचं एक मत हाय. गावात बाकीची न्हाईत का? विरोधकांचं चिन्ह डोक्यावर धरून शिट्टीला मत द्या म्हणत फिरनार? लोक दात काढतील."

"आन डोकं कुनाचं हाय?"

प्रचारात हजरजबाबीपणा लागतो, तो तिच्यात आहे हे बघून बरं वाटलं.

१० एप्रिल

प्रचार जोरात. ऊन त्याहून जोरात. वरच्या वाडीत एक म्हातारी फ्लेक्सकडे बोट करून मलाच सुनावायला लागली. "ह्या मडमेला मत द्या म्हनतूस व्हय रं? कुटनं आनली हिला? आमची रत्ना उभी ऱ्हानार हुती, तिचं काय केलंस? मी देनार तर रत्नालाच."

रत्ना तिच्यासमोर उभी होती. ती म्हातारीजवळ खाली बसली, हात हातात घेतला, आणि उपकेंद्राला कुलूप का, नर्सबाई कुठल्या वारी येते, असलं कायबाय बोलत बसली. बाया जमल्या. मी दोनदा शिट्टी मारली तरी कुणी हलेना. खरं सांगायचं तर एवढे लोक माझ्या भाषणाला थांबत नाहीत.

घरी आल्यावर पावलं सुजलेली, जोडवी मांसात रुतलेली. चालण्याने होतं. अंगात कणकणही आहे. मलम बंद झालंय का विचारलं, तर म्हणे रोज लावते, तरी डाग पुन्हा वर आलेत.

१२ एप्रिल

अंगाचा तिळपापड झालाय. अण्णासाहेबाच्या गोटातून बातमी सुटली की रत्नाला कोड फुटलंय आणि मी ते लपवतोय. तिला उजेडात बसवून बघितलं. कानाच्या खोबणीत खरंच दोन-तीन ठिपके, मध्ये पांढरट आणि कडेने काळेभोर. मतदानाला आठवडा राहिलाय आणि आता हे!

ताबडतोब दोन निर्णय घेतले. रत्नाने पदर कानावरून घ्यायचा. आणि किशोरला फोन केला की नव्या फ्लेक्सवर कान झाकून टाक, चेहराही अजून एक हात उजळ कर.

रत्ना म्हणाली, "आता माज्याकडं बघायला फ्लेक्सच ऱ्हायला म्हना." थकून लगेच झोपली. जेवली नाही.

१३ एप्रिल

आज माळावरच्या वस्तीत गेलो होतो. भर दुपारची वेळ, झाड औषधाला नाही. रत्ना मधेच थांबली, "अवं, थांबा वाईच," म्हणाली आणि खाली बसली. बसली ती आडवीच झाली. मी पाण्यासाठी ओरडत होतो, कार्यकर्ते आपले शिट्ट्या वाजवत होते, त्यांना वाटलं भाषण सुरू झालं.

पलीकडच्या बांधावरून रजनीचा प्रचार चालला होता. ती धावत आली आणि हातातली प्रचाराची छत्री तिने रत्नाच्या डोक्यावर धरली. मी म्हणालो, "रजनी, बाजूला हो, हे राजकारण हितं नको." ती म्हणाली, "भावजी, तोंड बंद करा आन गाडी आना." मला ती असं कधीच बोलली नव्हती.

गाडी उत्कर्षाने आणली. रत्नाचा चेहरा सुजून डोळे दिसेनात. आम्ही गावाच्या वेशीबाहेर पडायच्या आत फोटो ग्रुपवर आला होता: "शिट्टीलाही छत्रीचाच आधार!" मी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

१५ एप्रिल

पुण्यात दवाखान्यात. डॉक्टर हेमलता म्हणून बाई आहेत. त्यांनी रत्नाला विचारलं, काय काय होतंय? मी सांगायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी दाराशीच उभा राहिलो. आतून रत्नाचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. लघवीला फेस येतो, हे ती म्हणाली. श्रावणापासून. मला माहीत नव्हतं.

मग आत बोलावलं. डाग कधीपासून आहेत, आधीचे फोटो दाखवा. मी अभिमानाने मोबाइल काढला. दिवाळी, अमोलचा साखरपुडा, हळदीकुंकू. बाई एकेक बघत गेल्या आणि मोबाइल परत दिला. "यात पेशंट कुठे आहे?"

रत्नाने पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. त्या फोटोवरून मी तिला नेहमी चिडवायचो. बाईंनी तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, खिडकीच्या उजेडात. "हा खरा रंग. आणि हे आत्ताचे डाग. बघा आता." मी बघितलं. माझ्याच बायकोकडे तसं बघायला मला बाईंनी सांगावं लागलं.

ल्युपसच आहे. मी म्हणालो, पण लाल कुठे आहे? बाई म्हणाल्या, लाल गोऱ्या कातडीवर दिसतं. सावळ्या-काळ्या रंगावर ते जांभळट, करडं, काळपट दिसतं, कधी नुसतं वांगासारखं. "पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्यांचेच, त्यामुळे आम्ही डॉक्टरसुद्धा फसतो. कानातलं कोड नाही, तेही यातलंच. मलमात स्टिरॉइड होतं, त्याने वरचे डाग दबले, आत चालूच राहिलं. त्यात ऊन म्हणजे या आजाराला खतपाणी. छत्री वापरत नव्हत्या का?"

रत्नाने माझ्याकडे बघितलं आणि बाईंना सांगितलं, "घावत नव्हती."

किडनीवर उतरलंय. तुकडा काढून तपासायला पाठवला. वाचेल का, असं मी सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, औषधं जोरदार द्यावी लागतील, किडनी किती वाचते ते दोन महिन्यांत कळेल. मला भीती वाटते. हे कुठल्याच चरित्रात नको, पण मला फार भीती वाटते.

२० एप्रिल

मतदान. काल रत्नाला घरी सोडलं. पूर्ण अंग झाकून आणि छत्रीखालीच जायचं, या अटीवर बाईंनी मतदानाला जाऊ दिलं. मी नकोच म्हणत होतो. रत्ना म्हणाली, "उमेदवार मी हाय. मी जानार."

माळ्यावर चढलो, छत्री काढली, जळमटं झटकली.

शाळेपर्यंतचा रस्ता तो केवढा! पण आज सरता सरेना. रत्ना माझ्या दंडाला धरून, आणि तिच्या डोक्यावर विरोधकांचं चिन्ह उघडून धरलेला मी, शिट्टीचा प्रचारप्रमुख. दुतर्फा लोक. कुणी खोकलं, कुणी मोबाइल वर केला, अण्णासाहेबाचं तर तोंड मिटेना. शाळेच्या अलीकडे हवालदाराने अडवलं. "छत्री मिटवा. निवडणूक चिन्ह हाय. शंभर मीटरच्या आत चालत न्हाई."

"साहेब, हे चिन्ह न्हाई. औषध हाय."

"सगळे असंच सांगतात."

रत्ना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मिटवा. चार पावलं तर हायेत."

"एक पाऊल बी न्हाई!" मी असा ओरडलो की रांगेतली पोरं रडायला लागली. "गुन्हा दाखल करा, मला आत टाका, अर्ज बाद करा हिचा. छत्री मिटनार न्हाई." छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली.

रजनी पुढे आली. "हवालदार, माजी काय हरकत न्हाई."

"आमची बी अजिबात न्हाई," अण्णासाहेब मनापासून म्हणाला. कशाला असेल, चिन्ह त्यांचंच!

शेवटी आम्हाला तसंच आत जाऊ दिलं. रत्नाने मत दिलं. वाकडी-तिकडी बोटं, त्यावर शाई. बाहेर आल्यावर वरच्या वाडीची ती म्हातारी रांगेतून ओरडली, "आता वळाकली बघ! हीच आमची रत्ना."

२१ एप्रिल

पडलो. थोडक्यात पडलो, म्हणून जास्त लागलं. गावात एकच चर्चा आहे: शेवटच्या दिवशी छत्रीचा सगळ्यात जोरदार प्रचार हैबतरावाने, म्हणजे मी, केला. वरच्या वाडीतल्या बाया म्हणे छत्रीचंच बटण दाबून आल्या, रत्नाच्या डोक्यावर तीच दिसली म्हणून.

रत्नाला भीतभीत सांगितलं. ती हसून हसून खोकली. अगदी बांगड्या वाजेपर्यंत हसली.

४ मे

विजयी उमेदवाराकडून घरोघर छत्र्या वाटल्या. आमच्याकडे रजनी स्वतः घेऊन आली. मोठी आहे, मजबूत आहे, आणि वर पाकळी-पाकळीवर रजनीचा फोटो आहे, किशोरने साफ केलेला. मी ती अडगळीत टाकणार होतो. रत्नाने उघडून बघितली. "काळीपरीस हिची सावली मोटी पडतीया." रजनीने जाताना सांगितलं, उपकेंद्राचं कुलूप पहिल्या ठरावात काढायचं, पण ठरावात काय काय मागायचं ते, वाडीतल्या बायांशी बोललेल्या रत्नाताईंनी सांगायचं.

किशोरचा फोन आला, फ्लेक्स उतरवू का म्हणून. उतरव म्हणालो. आता फाट्यावरून येताना रस्ता मोकळा मोकळा वाटतो.

१६ जून

तपासणीला जाऊन आलो. बाईंनी विचारलं, "काय म्हणताय?" माझं तोंड सवयीने उघडलं. मी ते मिटलं.

रत्ना बोलत राहिली. सकाळी सकाळी बोटं कशी लाकडासारखी व्हायची, दारामागे उभं राहून आधी ती एकेक करून कशी सरळ करायची आणि मग चूल. डोक्यावर पदर का, तर केसांचे पुंजके दिसू नयेत म्हणून. प्रचारात शिट्टी वाजली की डोक्यात घण बसायचे. उन्हातून आल्यावर गाल पितळेच्या गार तांब्याला लावून बसायची. एवढं सगळं दुखत होतं, आणि मी शेजारच्या खाटेवर भाषणं पाठ करत होतो.

लघवीचा रिपोर्ट सुधारलाय. बाई म्हणाल्या, किडनी बहुतेक वाचली, पण औषध आणि सावली जन्मभर सोडायची नाही. डाग राहतील काही. रत्नाने विचारलं, किती काळे राहतील? बाई म्हणाल्या, थोडे. रत्ना म्हणाली, मग ऱ्हाऊ द्या.

बाहेर ढग फाटून कडक ऊन पडलं होतं. मी छत्री उघडली. रत्नाने मान वर करून आतल्या बाजूने उमटलेल्या त्या दुधाळ चेहऱ्यांकडे बघितलं.

"रजनी तरी कुटं एवढी गोरी हाय?"

"न्हाईच मुळी," मी म्हणालो.

छत्री मोठी असली तरी दोघांना पुरत नाही. मी ती तिच्या बाजूला कलती केली. माझ्या निम्म्या अंगावर ऊन आलं. येऊ दे.